सूपभर कोंड्याचं लेकरू

ये गं, अशी जवळ ये. दारात काय पाहुण्यासारखी उभी? इतक्या दिवसांनी तोंड दाखवतेस आणि वर विचारतेस, "आजी, झोपेत केरू केरू कुणाला म्हणतेस?" बस आता. आणि मध्ये उठायचं नाही, सांगून ठेवते.

पन्नास सालानंतरची गोष्ट. भांडुपला डोंगराखाली तेव्हा भातखाचरं होती. आपली महारांची वस्ती गावाबाहेर. मी लग्न होऊन आले आणि सासूचं काम माझ्या गळ्यात पडलं. बंगल्यातला गोठा झाडायचा.

एका सकाळी बंगल्याच्या मोठ्या बाईंनी परसातून हाक मारली. गेले. बघते तर उकिरड्यावर बाळ. कालचंच जन्मलेलं. शेण, राख, भाजीची देठं, आणि मध्ये फडक्यात ते. लालभडक. किंचाळत होतं. सगळं घर लांब उभं. कुणी हलेना.

"उचल," बाई म्हणाल्या.

"मी?"

"तूच. आमची तीन पाळण्यातच गेली. हे आता तुझं. तुमच्या वस्तूला मरणसुद्धा शिवायचं नाही."

उचललं. "छातीला लाव," म्हणाल्या. लावलं. माझी लेक घरी अंगावर पीत होती, दूध होतं मला. चुरुचुरु प्यायलं गं ते. मग बाईंनी लांबूनच सूपभर कोंडा खाली ठेवला. कोंडा माझा, लेकरू त्यांचं. झाला सौदा. मी त्याला दगडावर ठेवलं. त्यांनी त्याच्यावर गोमूत्र ओतलं आणि त्याच्या ओठांवरचं माझं दूध खसाखसा पुसलं. नाव ठेवलं केरू.

कोंडा घेऊन घरी आले तर सासू म्हणाली, "नशीब काढलंस. असा मान सगळ्यांना मिळत नाही."

मला खरं वाटलं. हसू नकोस. खरंच वाटलं.

केरू जगला. माझी लेक गेली. हगवण लागली, सुकली, गेली. तिला पुरून कामावर गेले तर बाई म्हणाल्या, "काल कुठे होतीस?" सांगितलं. तर म्हणतात, "तुमच्यात काय, होतात नि जातात. शेण तसंच पडलंय."

शेण उचललं मी. उचलता उचलता मनात एकच. मग त्या दिवशी मरण कुणाला घाबरलं होतं?

केरू चालायला लागला. एकदा दुडुदुडु गोठ्यात आला आणि माझ्या गुडघ्यांना मिठी मारली. बाई किंचाळल्या. त्याला ओढून नेलं, विहिरीचं गार पाणी घागरीने डोक्यावर ओतलं. पोर काकडत होतं, माझ्याकडेच बघत होतं. मरणापासून लपवायला माझी मांडी चालते. खेळायला चालत नाही.

पुढल्या वर्षी वहिनीबाई, म्हणजे बाईंची सून, केरूची आई, पुन्हा बाळंत झाली. पुन्हा परसातून हाक. पुन्हा उकिरडा.

"उचल."

"नाही उचलणार."

"काय म्हणालीस?"

"तुमचं लेकरू आहे. तुम्ही उचला."

आंब्यावर कावळे येऊन बसले. एक खाली उतरला. बाळाचा आवाज बसत चालला. बाई म्हणाल्या, "पोराला काही झालं ना, तर वस्तीला आग लावीन." कुणीतरी वस्तीत सांगितलं. सासू धावत आली, माझे पाय धरले. "उचल गं बाई. एकदाच. तुझ्या हाताचं काय झिजतंय?"

मी हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. सुटले असते तर उचललं असतं, म्हणून.

शेवटी वहिनीबाईच बाहेर आली. कालची बाळंतीण, भिंत धरत, सोयरात. वाकली आणि उचललं.

"अगं, मरेल तो!" बाई ओरडल्या.

"मरेल तर माझा म्हणून मरेल," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

माझं काम सुटलं. वस्तीतल्या बायकांचंही सुटलं. कुणी माझ्याशी बोलेना. नवरा म्हणायचा, "एका हाताने आख्ख्या वस्तीची वाट लावलीस." बंगल्यात बाळ तापलंय असं कानावर आलं की वस्तीतली माणसं भांडी गाठोड्यात बांधून, चूल न पेटवता बसून राहायची, रस्त्याकडे बघत. मग एक दिवस बंगल्यातली माणसं काठ्या घेऊन आली, आणि आम्ही कांजूरच्या बाजूला निघून गेलो. ते बाळ जगलं की नाही मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. मेलं असेल तर माझ्यामुळे नाही. जगलं असेल तरी माझ्यामुळे नाही.

माझ्या मांडीवर लेकरू येईल ते लेकरू म्हणून येईल. कुणाचं मरण चुकवायला म्हणून कुणी आणून ठेवलं, तर आजही, ह्या वयातही, ते रडत राहील आणि मी उभी राहीन.

निघालीस? बरं, जा. पण पुन्हा लवकर ये हो. ह्या घरात हे ऐकायला बसणारं आता कुणी नाही.