कानाशी धरलेली बाटली

निर्मलाताई खरवंडीकरांच्या दारात मी पहिल्यांदा उभा राहिलो तो एका कवितेसाठी. हातात मात्र दारूची बाटली होती.

शाळेतून मराठीचा शिक्षक म्हणून नुकताच निवृत्त झालो होतो. शांघायला नोकरीला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती आणून दिली होती. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीची बाटली, अंगावर निळ्या रंगात दोन बगळे आणि त्यांच्या बाजूला उभ्या ओळींत काही अक्षरे. ती कविताच असणार असे माझ्या मनाने घेतले. काय करणार? उभा जन्म वर्गात कविता म्हणण्यात गेला. दुपारच्या तासाला सगळा वर्ग एका सुरात म्हणू लागला की खिडकीबाहेरचा गुलमोहरसुद्धा ताल धरतो असे वाटायचे. तो सूर अजून कानात आहे.

चिनी वाचणारे कोणी आहे का, अशी चौकशी करता करता धायरीचा पत्ता मिळाला. दारावर पाटी होती : ‘येथे चिनी बाटल्या तपासल्या जातात. रिकाम्या करून मिळणार नाहीत.’

ताईंनी दार उघडले, बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि मला बसायला सांगण्याआधी तिला टेबलावर उभे केले.

“कविताच आहे,” त्या म्हणाल्या. “मित्र नावेतून निघाला आहे आणि काठावर उभा असलेला माणूस पाणी बघतो आहे.”

माझ्या डोळ्यांत पाणी आले. ताईंनी ते पाहिले, पण कामात खंड पडू दिला नाही. “कविता जुनी आहे, बाटली नवी. खरी आहे, पण मोलाची नाही. दुकानातून अशा हजारो जातात. विकायची आहे का?”

“छे हो!”

“मग ठेवा घरात. कवितेसाठी ठेवा. उभी ठेवा आणि उन्हात ठेवू नका.”

बाटली खरी आहे का, आणि ती मोलाची आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हा ताईंचा पहिला धडा मला त्या पाच मिनिटांत मिळाला. त्यानंतर त्यांच्या रविवारच्या बैठकीला मी जाऊ लागलो आणि साठीनंतर पुन्हा विद्यार्थी झालो.

ज्यांचा ताईंशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ताई तरुणपणी चिनी भाषा शिकल्या आणि पुण्याच्या यंत्रकारखान्यांसाठी दुभाषी म्हणून वर्षानुवर्षे चीनला जात राहिल्या. आपण एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून चांदीचे नाणे काढतो, तशी तिकडे खास बाटली काढतात. नवे वर्ष, कारखान्याचा वाढदिवस, एखादा पूल झाला, की त्याची बाटली. आत ज्वारीची दारू. आपण जिची भाकरी करतो तीच ज्वारी. जेवणावळीत यजमान प्याले उचलत आणि ताई गरम पाणी पीत. आजतागायत त्यांनी थेंबही घेतलेला नाही. मग यजमान म्हणत, पीत नाही तर घरी तरी न्या. अशा बाटल्या जमत गेल्या आणि त्या पारखण्याची विद्या ताईंनी तिथल्याच एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून पदरात पाडून घेतली. त्यांच्या शेजारीणबाई सुरुवातीला विचारायच्या, “निर्मलाताई, दर रविवारी एवढे पुरुष बाटल्या घेऊन येतात, कसलं व्रत म्हणायचं हे?” ताई सांगायच्या, “उद्यापनाला बोलावीन.”

ताईंची पद्धत ठरलेली. आधी खोके, मग फीत, मग झाकणावरचे वेष्टण, शेवटी तळ. मालक बाटलीची हकिकत सांगू लागला की त्या हात वर करून थांबवत. “हकिकत नंतर. आधी बाटलीला बोलू दे.” आपल्याकडची माणसे दाखवायला आणण्यापूर्वी बाटली चिंचेने घासून, फीत काढून, खोके रद्दीत देऊन अगदी लखलखीत करून आणतात. तेव्हा ताई कपाळाला हात लावत, पण रागावत नसत. “देव उजळलेत तुम्ही,” एवढेच म्हणत.

सगळ्यात शेवटी बाटली कानाशी धरून हळूच हलवायची. चिनी मातीच्या आरपार दिसत नाही, म्हणून ऐकायचे. झाकण कितीही घट्ट असो, वर्षे गेली की आतली दारू थोडी उडतेच आणि जुनी बाटली कानाशी डुचमळते. “काहीच उडालं नसेल तर शंका घ्यायची,” ताई सांगत. “नुसत्या शंकेवर निकाल द्यायचा नाही. कारण शोधायचं.”

हिंजवडीचे नाना बैठकीत आले ते असेच एक बाटली घेऊन. नानांच्या शेतावर आज काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्यांतल्या एका चिनी भाडेकरूने निरोपाच्या वेळी त्यांना ती दिली होती. नानांनी ती देव्हाऱ्याखालच्या कपाटात जपली होती, तीही खोक्यासकट.

ताईंनी सगळे पाहिले आणि म्हणाल्या, “नाना, ही खोटी आहे.”

नानांचा चेहरा उतरला. “आवं ताई, जिवाभावाच्या माणसानं दिलीया. चार माणसांत खरी हाय म्हना, मी काय बाजारात न्यायचो न्हाय.”

“चार माणसांत खोटं बोलले तर पाचव्यानं माझ्याकडे का यावं?” ताई शांतपणे म्हणाल्या. मग आवाज खाली आणून पुढे बोलल्या, “त्यांना कळवू नका हं. त्यांनी खरी समजूनच दिली असणार. तुमचा मित्र काही खोटा नाही.”

नाना रागाने उठून गेले. पुढच्या रविवारी परत आले आणि ती बाटली ताईंच्या हवाली केली. ताईंच्या कपाटात खोट्या बाटल्यांची एक वेगळी फळी आहे, नव्या माणसाला शिकवायला. नानांची बाटली तिथे गेली आणि नाना आमच्यातले झाले.

अलीकडे ताईंना ऐकू फार कमी येते. कानाशी डुचमळणे तर मुळीच कळत नाही. दुसरे कोणी असते तर काम थांबवले असते. ताईंनी थांबवले नाही. सगळे तपासून झाले की त्या बाटली आमच्यापैकी एकाच्या हातात देतात आणि विचारतात, “काय म्हणते?” आम्ही जे सांगू ते त्या धरून चालतात. एवढा विश्वास मला माझ्या मुख्याध्यापकांनीही दाखवला नव्हता.

हे सांगायचे कारण आता येते. ताईंच्या पंच्याहत्तरीला काय द्यावे, असा प्रश्न आमच्या बैठकीने नेमलेल्या गौरव समितीपुढे आला तेव्हा नाना म्हणाले, “त्यो इचार माझ्यावर सोडा.” महिन्याभराने त्यांनी समितीच्या टेबलावर एक बाटली ठेवली. ताई ज्या पुलाच्या यंत्रांच्या कामावर दुभाषी म्हणून गेल्या होत्या, त्याच पुलाच्या उद्घाटनाची. ताईंना तेव्हा ती मिळाली नव्हती, हे नानांनी कधीतरी ऐकून लक्षात ठेवले होते. आम्ही सगळे उभेच राहिलो. खोके जुने, फीत विटलेली, वेष्टण जागच्या जागी. मी बाटली कानाशी धरली.

काही ऐकू येईना. पुन्हा हलवली. काठोकाठ भरलेली, मुकी.

मी उजेडाशी जाऊन तळ पाहिला. तळाच्या कड्यावर नखाएवढा एक गोल बाकीच्या मातीपेक्षा गुळगुळीत होता. तिथे भोक पाडून, जुनी दारू काढून, नवी भरून, वर लुकण लावून रंग दिला होता. बाटली जुनी, आतले सारे नवे.

आमचे चिटणीस जोगळेकर जवळ आले. “सर, ताईंना ऐकू येत नाही आणि हल्ली तळही त्या भिंगाशिवाय पाहत नाहीत. समारंभात भिंग कोण देतंय? नानांचं मन मोडायचं का?”

“समारंभात त्या बाटली माझ्याच हातात देतील,” मी म्हणालो, “आणि विचारतील, काय म्हणते. तेव्हा मी काय सांगू?”

“सांगा, बोलते म्हणून. एवढीशी तर गोष्ट.”

“तुम्ही सांगाल?”

जोगळेकर परत आपल्या खुर्चीकडे गेले. नाना खिडकीशी उभे होते, पण सगळे ऐकत होते. मी बाटली त्यांच्यापुढे धरून तळाचा गोल दाखवला. “नाना, ही देता येणार नाही.”

नानांनी त्या गोलावरून नख फिरवले. “मला बी दुसऱ्यांदा गंडवलं म्हना की,” ते म्हणाले. “मग काय, रिकाम्या हातानं जायाचं?”

“रिकाम्या हातानं जाऊ. खोटी घेऊन जायचं नाही.”

“तुमी तर निस्ते ताईंवानी बोलाय लागला, सर.” नानांनी बाटली माझ्या हातातून घेतली, पदर सावरावा तशी तिची फीत नीट केली आणि एकदम म्हणाले, “रिकाम्या हातानं कशापायी? खोटी हाय तर खोटी म्हनूनच देऊ की! त्या फळीवर माझ्याकडची पयली एकलीच बसलीया. तिला सोबत हुईल. आन् ह्यो तळाचा गोल पोरांना शिकवाय कामाला येईल.”

समितीने ठराव एकमताने संमत केला. जोगळेकरांनी तर हातच वर ठेवला होता.

तेव्हा ताई, गौरव अंकातला हा लेख आपण वाचाल त्या वेळी ती बाटली आपल्यापुढे असेल. आपण ती माझ्या हातात द्याल आणि नेहमीसारखे विचाराल. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगेन : काही म्हणत नाही, ताई. एवढ्या वर्षांत हिचे काहीच कमी झालेले नाही.

आपले मात्र झाले आहे. ऐकणे कमी झाले, गुडघ्यांनी चढण सोडली, चष्म्याला भिंगाची जोड लागली. वर्षांनी त्यांचा वाटा घेतला आहे आणि आत जे राहिले आहे त्याची खात्री द्यायला आम्हांला भिंग लागत नाही. आपण अशाच उभ्या राहा, कडक उन्हापासून दूर राहा आणि प्रकृती सांभाळून शंभरीपर्यंत रविवारची बैठक चालवा. ऐकायला आमचे कान आहेत. जे ऐकू येईल तेच आपल्याला सांगू.