आधी काढलेला अंगठा

रसायनशास्त्राच्या बाईंना काडी ओढायची भीती. घरी गॅस नवरा पेटवायचा. "रसायन शिकवतेस म्हणे! आणि काडीपेटी दिसली की हातभर लांब!" असं रोज ऐकवूनच तो चहाचं आधण ठेवायचा. बाई हसण्यावारी न्यायच्या.

शाळेत त्यांना फळा तारून न्यायचा. परीक्षानळी खडूची, ज्वाला पिवळ्या खडूची, आणि खाली लिहायचं, 'फट् असा आवाज होतो.' मुलं प्रयोग न बघताच निरीक्षण उतरवून मोकळी. नववीतली निम्मी पोरं त्या तासाला उघड्या डोळ्यांनी झोपायची.

मग एक दिवस मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावलं.

"प्रयोगशाळेच्या कुलपाला गंज चढलाय. सोमवारी मी येऊन बसते, एक प्रयोग दाखवा. नाहीतर मोडकी बाकं तिथे टाकते."

टाका, असं बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. खोली गेली की भीतीही गेली. पण मग उरणार काय, नुसता खडू?

सोमवारी तीन काड्या मोडून चौथीने मेणबत्ती लागली. नळीत जस्ताचे तुकडे, वरून विरल आम्ल. बुडबुडे सुटले. बाईंनी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. आतून हायड्रोजन अंगठ्याला ढुसण्या देऊ लागला, कोंडलेल्या मांजरासारखा.

"बाई, हात थरथरतोय तुमचा," पुढच्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली.

"नळी थरथरतेय."

मागून कुणीतरी, "बाई, लिहून टाकू का? फट् असा आवाज झाला?"

वर्ग खिदळला. बाईंनी डोळे मिटले, अंगठा काढला आणि मग नळी ज्योतीकडे नेली. काही नाही. वायू केव्हाच पसार.

"फुस्स!" मागचा बाक.

मोठ्या बाई खुर्चीतून उठायला लागल्या.

"बाई, तुम्ही अंगठा आधीच काढलात," चष्मेवाली हळूच म्हणाली. "घाबरून."

"हो. घाबरूनच."

चष्मेवालीने चष्मा वर सरकवला. "तुम्ही पण घाबरता?"

"जीव मुठीत धरून उभी आहे. आता बोलू नकोस."

नवं जस्त, नवं आम्ल, पुन्हा अंगठा. या खेपेला डोळे उघडे. नळी जवळ नेली, आणखी जवळ. नखाला धग लागली. आता काढू? नाही. अजून नाही. आत्ता!

फट्!

त्याहून मोठी किंकाळी बाईंची होती. मग अख्खा वर्ग ओरडला, "परत! बाई, परत!"

मोठ्या बाई छातीवर हात ठेवून खुर्चीत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "कुलपात तेल घालून घ्या."

बाईंनी श्वास सोडला, तोवर टेबलाला गराडा पडला होता. फुस्स म्हणणारा सगळ्यांत पुढे, बाह्या सरसावून.

"आता आम्ही करायचं ना, बाई?"

इतके हात, इतक्या लोंबत्या वेण्या, आणि मध्ये आम्लाची उघडी बाटली. बाईंनी बाटली उचलून छातीशी धरली.

"एकेकानं," त्या कशाबशा म्हणाल्या. "आणि आधी केस बांधा गं!"