पडद्यामागच्या माणसाचा सत्कार

प्रवासाची हकीकत सांगण्यापूर्वी वार आणि जबाबदार व्यक्ती नोंदवून ठेवतो. पुढे कोणी असे म्हणू नये की वृद्ध माणसाची स्मरणशक्ती दगा देते.

सोमवार. मी साताऱ्याहून नगरच्या एका संस्थेस पत्र पाठवले. जबाबदार : मी. त्याच आठवड्याचा शुक्रवार. संस्थेच्या सचिवांनी दूरध्वनीवर 'सगळं तुमच्या म्हणण्याप्रमाणे होईल' असे सांगितले, लेखी उत्तर दिले नाही. जबाबदार : सचिव. पुढचा बुधवार, दुपार. नगरच्या सावेडी भागातील एका सभागृहात एका माणसाचे नाव ध्वनिक्षेपकावरून उच्चारले गेले. जबाबदार : ते वाचणारे सूत्रसंचालक, त्यांच्या हाती कागद देणारे सचिव, आणि पुन्हा मी. माझा क्रमांक शेवटी आहे, म्हणून माझा दोष कमी आहे असे नाही.

मी जिल्हा न्यायालयातून सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. तेव्हापासून वर्तमानपत्रांना आणि कार्यालयांना पत्रे लिहितो. नव्या न्याय संहितेत बलात्काराच्या व्याख्येत पीडित म्हणून पुरुष बसत नाही. जुन्या संहितेतील ३७७ व्या कलमाने अनेक निरपराधांचा छळ झाला हे मला ठाऊक आहे, तरी अत्याचार झालेल्या प्रौढ पुरुषाला तक्रारीसाठी तेवढेच एक दार होते. ते काढले, आणि त्या जागी दुसरे बसवले नाही. या अर्थाचे माझे पत्र छापून आल्यावर पाथर्डी तालुक्यातून मला एक पाकीट आले. आत वहीचे दोन कागद होते. 'मी तसलाच मानूस हाय,' अशी त्याची सुरुवात होती.

त्या माणसाला मी येथे भागवत म्हणेन. हे त्याचे नाव नाही. वय चाळिशीच्या पुढे, कोरडवाहू जमीन, पत्नी, दोन मुली. काही वर्षांपूर्वी तो सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असताना कामगारांच्या खोल्यांत त्याच्यावर त्याच्याबरोबरच्या तिघांनी अत्याचार केला. हे त्याने पत्नीला सांगितलेले नव्हते, कोणालाच सांगितलेले नव्हते. वर्षभर आमचा पत्रव्यवहार चालला. मग असे कळले की डॉक्टर, परिचारिका, पोलीस आणि समुपदेशक यांना अशा पुरुषांना आधार कसा द्यावा याचे एक दिवसाचे प्रशिक्षण नगरला होणार आहे. मी भागवतला विचारले, त्यांच्यासमोर बोलाल का? त्याने दोन महिन्यांनी होकार कळवला. अट एकच : गावात कळता कामा नये.

मंगळवारी सकाळी मी साताऱ्याहून निघालो आणि पुण्यात गाडी बदलली. शिरूर मागे पडले तसा मुलूख उघडा होत गेला. मार्गशीर्षाचे स्वच्छ ऊन होते आणि दूरवर काढणीला आलेल्या तुरी दिसत होत्या. सुप्याला गाडी थांबली तेव्हा मी उतरलो, खरे तर उतरण्याचे काही कारण नव्हते. निळ्या पत्र्यांच्या शेड, मालमोटारींची रांग. चहाच्या टपरीवाल्याला मी विचारले, "कामगारांच्या खोल्या कोणत्या बाजूला?"

"त्या काय मागं. कुनाला भेटायचंय?"

मला कोणाचेही नाव घेता येईना. मी न्यायालयात पस्तीस वर्षे घालवली, पण त्या साध्या प्रश्नावर मी फक्त एक चहा सांगितला. ते तिघे अजून येथेच काम करीत असतील, कदाचित माझ्या शेजारी चहा पीत असतील, असे वाटून मी चहा अर्धा टाकून गाडीत चढलो.

बुधवारी सकाळी नगरच्या बसस्थानकावर भागवत प्रथमच प्रत्यक्ष भेटला. हातात कापडी पिशवी, अंगात इस्त्रीचा सदरा.

"भाऊसाहेब, मला वाटलं तुमी लई उंच असाल."

"असे का वाटले?"

"पत्रं लई कडक असत्यात तुमची."

तो हसला. रिक्षात बसल्यावर मात्र त्याने दोनदा विचारले, "तितं आमच्याकडलं कुनी नसंल ना?" मी सांगितले की मी सर्व अटी लेखी कळवल्या आहेत. लेखी या शब्दावर माझा किती विश्वास होता, हे आज लिहिताना लाज वाटते.

सभागृहात चाळीसेक माणसे होती. पुण्याहून आलेल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरबाई शिकवत होत्या. त्या उत्तम शिकवत होत्या, याची नोंद मी मुद्दाम करतो. 'तुम्ही प्रतिकार का केला नाही' हा प्रश्न विचारू नये, कारण भीतीने शरीर गोठते, आणि गोठणे म्हणजे संमती नव्हे. शरीराने काही प्रतिसाद दिला तरी तीही संमती नव्हे. तपासणीपूर्वी प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी. आणि हसू नये. त्यावर मागच्या रांगेतील एक हवालदार म्हणाले, "मॅडम, पन बाप्याला कोन काय करनार?" काही लोक हसले. बाईंनी तो हशा विरेपर्यंत वाट पाहिली आणि मग पडद्याकडे हात केला.

मंडपवाल्याकडून आणलेल्या मरून पडद्यामागे भागवत बसला होता. त्याचा फक्त आवाज आला.

"दवाखान्यात गेल्तो. डॉक्टरनी इचारलं, काय झालं? म्या म्हनलं, पडलो. त्यांनी लिवून घेतलं, पडला. पन मान वर करून बघितलं न्हाई. अजून एकदा इचारलं असतं, तर सांगितलं असतं. एकदाच."

 हवालदार टोपी हातात घेऊन बसले होते. एका परिचारिकेने वहीत काहीतरी लिहिले आणि त्याखाली रेघ ओढली. मला वाटले, आपण ज्यासाठी आलो ते झाले.

आपल्याकडे कोणताही कार्यक्रम सत्काराशिवाय संपत नाही. आभारप्रदर्शनासाठी सूत्रसंचालक उठले. सदिच्छा भरपूर असलेला, जॅकेट घातलेला माणूस. टेबलावर शाल आणि नारळ तयार होते. त्यांच्या हातात एक कागद होता, तो मी लांबूनही ओळखला. त्यावरचा अधोरेखित मजकूर माझा होता. संदर्भ पूर्ण असावा या आयुष्यभराच्या सवयीने मी त्या पत्रात लिहिले होते : 'श्री. अमुक अमुक, मु. पो. अमुक, ता. पाथर्डी, यांचे नाव कोठेही उच्चारण्यात येऊ नये.'

सूत्रसंचालकांनी नाव वाचले. गाव वाचले. वाक्याच्या शेवटापर्यंत ते पोहोचलेच नाहीत. "या धाडसी बांधवाचा सत्कार आपण करणार आहोत. पडदा जरा बाजूला घ्या."

पडदा बाजूला झाला. डॉक्टरबाई ओरडल्या, "थांबा," पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. टाळ्या मनापासूनच्या होत्या, आणि तेच अधिक भयंकर होते. भागवत खुर्चीवर ताठ बसून राहिला. त्याच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, तीन मोबाईल वर आले. तो हलला नाही. शरीर कसे गोठते, हे त्याच सकाळी त्या लोकांना शिकवले होते. आता ते समोर होते, आणि ते त्याचे छायाचित्र घेत होते.

मी गर्दीतून पुढे पोहोचेपर्यंत खुर्ची रिकामी झाली होती.

बाईंनी सर्वांचे मोबाईल तेथल्या तेथे तपासायला लावले. एक छायाचित्र संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर गेलेच होते. ते काढले. तोवर किती जणांनी उतरवून घेतले, हे कोणालाच सांगता येईना. मी भागवतचा मोबाईल लावला. बंद. रिक्षा करून बसस्थानकावर गेलो. पाथर्डीची गाडी लागली होती, तो तिच्यात नव्हता. मी चढलो. शेजारी एक तिशीतला माणूस येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, म्या बी आत्ता तितंच हुतो." तो त्याच भागातला आरोग्य सेवक होता. त्याला लहानू म्हणू.

"म्या वळखतो त्यांला. त्यांच्या गल्लीत लसीकरनाला जातो."

 गाडी भिंगार सोडून मोकळ्यावर आली. मी शेवटी विचारले, "गावात सांगाल का?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "खरं सांगू का? काल कळलं असतं तर सांगितलं असतं. पारावर, हसत हसत. आमी असलंच बोलतो. आज सकाळी मागनं कोन हसलं, ठाव हाय? त्यात म्या बी हुतो."

करंजीच्या घाटात एक कंटेनर आडवा झाला होता. वाहने वर-खाली तुंबलेली. उन्हे कलत होती. मी दर पाच मिनिटांनी मोबाईल लावत होतो आणि दर वेळी तोच ध्वनिमुद्रित आवाज ऐकत होतो. लहानू म्हणाला, "तुमच्या मनात काय हाय ते कळतंय मला. हिरीत उडी, ह्येच ना? माझ्या बी मनात तेच हाय." कंटेनर हटेपर्यंत मी घड्याळ बघत राहिलो. तेवढा वेळ मी न्यायालयातील सर्वांत लांब निकालाच्या वाचनातही मोजला नव्हता.

तिसगावला उतरलो, तेथून लहानूच्या मोटारसायकलवरून पुढे. किती पुढे आणि कोणत्या बाजूला, ते लिहिणार नाही. अर्धी घरे कुलूपबंद होती, माणसे कोयत्यावर (ऊसतोडीला) गेलेली. भागवतच्या अंगणात दोन शेजारणी उभ्या दिसल्या. गाव गोळा झाले, असे मला वाटले.

तो ओट्यावर बसला होता. जिवंत होता. शाल त्याच्या पत्नीने घडी करून मांडीवर घेतली होती.

"या की," ती म्हणाली. "तुमीच का सातारचे भाऊसाहेब? बघा की, सत्कार झाला म्हनं, आन् कशाचा ते सांगंनात. जीपनं आल्यापून तोंड उघडलं न्हाई."

एक शेजारीण म्हणाली, "लॉटरी लागली आसंल, वाटा द्यावा लागंल म्हून गप हाय."

भागवतने माझ्याकडे पाहिले. मी लहानूकडे पाहिले. लहानू पुढे झाला. "वैनी, यांला दवाखान्याच्या लोकांना शिकवायला बोलावलं हुतं. आमाला."

"ह्यांनी? काय शिकवलं?"

"आजारी मानसाला इचारायचं कसं. एकदा न्हाई सांगितलं, तर परत इचारायचं कसं. खरंच शिकवलं, वैनी. म्या लिवून घेतलंय."

ती नवऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग उठली, "शेंगोळं केल्यात, जेवल्याबिगर जायचं न्हाई," म्हणत आत गेली. शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेली वेटोळी) समोर आले. मी ताट पुसून खाल्ले.

निरोप घेताना भागवत रस्त्यापर्यंत आला.

"भाऊसाहेब, तुमी माझं नाव लिवलंच कशाला?"

मी म्हणालो, "चूक झाली. सवयीने लिहिले."

"ते फोटू-बिटू पुसत्याल. कागद कुनी पुसत न्हाई." मग तो म्हणाला, "आता मला पत्र लिवू नका. पन ह्ये छापा. त्यांनी काय केलं ते छापा. तुमी काय केलं ते बी. माझं नाव, गाव सोडून."

गुरुवारी परतीच्या वाटेवर मी नगरच्या तीन कार्यालयांत गेलो. कारण त्या पत्राच्या तळाशी मी 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' असे लिहून तीन प्रती पाठवल्या होत्या. तिन्ही ठिकाणी पत्र आवक नोंदवहीत नावासकट चढले आहे. नोंद झालेला कागद परत देता येत नाही, असे मला सांगण्यात आले. हा नियम मीही पस्तीस वर्षे लोकांना सांगितला. तो त्या दिवशी मला ऐकावा लागला.

आज साताऱ्यात माझ्या टेबलाशी बसून मी हे लिहितो, पण रोज सकाळी मोबाईल उघडताना मला भीती वाटते की ते छायाचित्र कोठून तरी येईल. ही भीती माझी आहे. त्याच्या घरातली कशी असेल, हे विचारायला मला पत्र लिहिण्याची मुभा नाही. कायदा त्याला पीडित मानत नाही, दवाखाना 'पडला' एवढेच लिहितो, आणि जे त्याच्यासाठी जमले त्यांनी, माझ्यासह, त्याला व्यासपीठावर उघडा केला. प्रशिक्षण बंद करा असे मी म्हणत नाही. लहानू मी डोळ्यांनी पाहिला आहे. प्रशिक्षण आयोजकांपासून सुरू करा, असे म्हणतो.

म्हणून संस्थेच्या सचिवांना विचारतो. अटी मान्य करूनही तो कागद सूत्रसंचालकांच्या हाती का दिला? छायाचित्र कोणाकोणाकडे आहे, आणि ते नष्ट झाल्याची हमी कोण देतो? पुढच्या प्रशिक्षणात पडद्यामागच्या माणसाच्या संमतीविना पडद्याला हात लागणार नाही, हे कोण पाहणार? आणि त्या तीन कार्यालयांच्या प्रमुखांना विचारतो, ती पत्रे मोहोरबंद करण्याचा आदेश कोण काढणार?

दूरध्वनी नको. उत्तर वर्तमानपत्रात, सर्वांना वाचता येईल असे, सहीनिशी यावे. त्यात माझे नाव खुशाल छापावे. त्याचे छापू नये.