जरा लांबून जाऊ

“इकडून जरा लांब पडंल, पण गाव बघून होईल,” असं म्हणून तो रिक्षा वळवायचा. विचारायचा नाही, सांगायचा. आणि वळताना अर्धं अंग बाहेर काढून रस्त्याच्या दोन्ही कडा अशा न्याहाळायचा, की मागे बसलेल्याला वाटावं, ह्याचं काहीतरी पडलंय.

मी तेव्हा सांगलीच्या एका कंपनीसाठी शाळांच्या प्रयोगशाळेचं सामान विकत होतो. परीक्षानळ्या, तराजू, भिंगं. नव्वदच्या दशकाची अखेर होती. तीन महिने माझ्या हाताला एकही मोठी ऑर्डर लागली नव्हती आणि नाशिकला पाठवताना साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, “हे दोन दिवस बघतो. मग आपण बोलू.” घरी बायकोला सहावा महिना होता. नाशिक मला माहीत होतं ते वडिलांच्या अस्थी घेऊन आलो होतो तेवढंच. ओला घाट, घाईत उरकलेले मंत्र, परतीची एसटी. या गावात आपलं काही भलं होईल असं मला मुळीच वाटत नव्हतं.

सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाच्या रिक्षा स्टँडवर मी आठ शाळांची यादी त्याच्यापुढे धरली. पन्नाशीचा माणूस. खाकी शर्टावर हातानं विणलेला मरून रंगाचा स्वेटर, कानांवर मफलर. यादी वाचून तो म्हणाला, “दोन दिवस मी तुमच्याकडंच. मीटर टाकत नाय.”

आणि मग मला भलतंच नाशिक दिसलं. जानेवारीची थंडी, नदीवर धुकं. गंगापूर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये ओळीनं लावलेले गुलाब. तांबट लेनमधली हातोड्यांची टकटक, ती ऐकू यावी म्हणून त्यानं रिक्षा बंद केली. देवळालीचे झाडांखालचे रिकामे रस्ते. मिसळ खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तर हा म्हणतो, “रडा खुशाल, साहेब. इथं कुणी विचारत नाय.”

गावाची माहिती मात्र तो विचित्र द्यायचा. कुठलं देऊळ किती जुनं, हे त्याला सांगता यायचं नाही. तो सांगायचा, “ह्या देवळामागं दिवसभर सावली असती.” “इथं बाराला पंगत बसती, कुणीबी जेवावं.” “ह्या पुलाखाली वारा लागत नाय.” असा गाइड तुम्ही कुठं पाहिलाय? मला गंमत वाटायची.

पहिल्या दिवशी दोन शाळांनी ऑर्डर दिली. संध्याकाळी एसटीडी बूथवरून बायकोला म्हणालो, “अगं, आपण इथंच राहायला यायला हवं.” कितीतरी दिवसांनी ती फोनवर हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फक्त पंचवटीतली शाळा उरली. सगळ्यात मोठी. मुख्याध्यापकांनी तीनची वेळ दिली होती. घाटाजवळच्या गर्दीत त्यानं एकदम ब्रेक मारला आणि रिक्षा तशीच चालू ठेवून तो धावत सुटला. पुढे एक बाई पाठमोरी चालली होती. हिरवं लुगडं, काखेत बोचकं. त्यानं तिचा दंड धरून तिला वळवलं. बाई किंचाळली.

मी पोचेपर्यंत माणसं जमली होती. एकानं त्याची कॉलर धरून दोन थोबाडीत दिल्या होत्या. तो हात वरसुद्धा करत नव्हता. “चुकलं, माय. चुकलं,” एवढंच पुटपुटत होता. मी मध्ये घुसलो, “मी ओळखतो यांना,” म्हणालो. माझं कुणी ऐकलं नसतं, पण ती बाईच त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, “सोडा त्याला. तो दुसऱ्याच कुणाला तरी शोधतोय.”

मग तो पायरीवर बसला. खिशातून एका बाईचा फोटो काढून त्यानं गुडघ्यावर ठेवला.

“मंडळी शे माझी,” तो म्हणाला. एरवी शहरासारखं बोलायचा, पण आता त्याची घरची, बागलाणातली बोली बाहेर आली होती. “नामपूरची. दोन वर्सांमागं पोरगा गेला, मोटारसायकलवर. एकुलता. तेव्हापासून बोलणं बंद. उठायची अन् चालायला लागायची. पण सांजच्याला यायची माघारी. दिवाळीच्या आधी गेली, ती आलीच नाय.”

“पोलिसांत?”

“दिलंय लिहून.” त्यानं तोंड पुसलं. “अकरा वर्सं मी निस्ता सातपूर ते स्टँड रिक्षा चालवली, साहेब. बाकी गाव बघितलंच नव्हतं. आता गल्ली न् गल्ली ठावी झाली.”

सावली, पंगत, पुलाखालचा आडोसा. दोन दिवस मी ज्या गावावर खूश होत होतो, ते गाव तो तिच्यासाठी धुंडाळत होता आणि मी मागे बसून मजा बघत होतो.

“मला आधी का नाही सांगितलंत?”

“फोटो दाखवला की पॅसेंजर गप होतो. मग पुढच्या चौकात उतरतो.” तो उठला. “चला, तीन वाजायला आले. शाळा इथंच हाय.”

शाळा खरंच पाच मिनिटांवर होती. साहेबांचं वाक्य मला आठवत होतं, बायकोचं हसूही. तरी मी म्हणालो, “फोटो द्या इकडं.”

अंधार पडेपर्यंत आम्ही फिरलो. धर्मशाळा, मठ, सरकारी दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड. विचारायचो मी. गळ्यात टाय आणि हातात बॅग असलेल्या माणसाला लोक उत्तर देतात; त्याला एकट्याला हुसकावून लावत, हे पहिल्याच दारात माझ्या लक्षात आलं. एका आश्रमातला सेवेकरी फोटो हातात घेऊन बराच वेळ थांबला. “अशी एक होती… नाही. ही नव्हे.”

“नीट बघा ना, दादा. आता वाळली असंल. केस पिकले असतील.”

“नाही हो, बाबा.”

“उजेडात बघा जरा.”

सेवेकऱ्यानं दिव्याखाली नेऊन पुन्हा बघितलं आणि मान हलवली. मी रिक्षावाल्याला हाताला धरून बाहेर आणलं.

ती शाळा माझ्या हातची गेली. साहेबांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. दोन ऑर्डरींवर नोकरी मात्र तगली. पुढची चार-पाच वर्षं मी वरचेवर नाशिकला जायचो आणि स्टँडवर त्यालाच शोधायचो. फोटोला आता प्लॅस्टिक चढलं होतं. सिंहस्थात तो रिक्षा बंद ठेवून हरवलेल्या माणसांच्या तंबूत जाऊन बसायचा. चुकलेल्या म्हाताऱ्यांना पाणी द्यायचा, त्यांची नावगावं विचारून माइकवाल्याला सांगायचा. “लोकांच्या सापडत्यात,” एवढंच एकदा मला म्हणाला.

त्यानंतरच्या खेपेला तो स्टँडवर नव्हता. “सुरतेकडं तशी बाई दिसली असं कुणीतरी सांगितलं, म्हणून गेला,” एक रिक्षावाला म्हणाला. पत्ता विचारत मी सातपूरला त्याच्या खोलीवर गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई बाहेर आली.

“सहा महिने झाले. पत्र नाही, काही नाही. किल्ली माझ्याकडं ठेवलीय. म्हणाले, ती आली तर दार उघडून द्या, आणि तिला सांगा, मी जेवून गेलोय.”

“जेवून?”

“हो ना. तसं सांगितलं नाही तर ती ताटावर बसायचीच नाही.”