साडूंचं रांजणाचं पुस्तक

आमच्या साडूंइतका बिनकामाचा माणूस लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत मिळून दुसरा झाला नसेल. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्यांच्या पाया पडायचो, पण पडताना मनात जे यायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही. चाकूरला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. वडिलांनी चालतं दुकान हातात दिलेलं, पेठेतली मोक्याची जागा, आणि त्यात दुष्काळ पडलेला. दुष्काळात भांडीवाल्याचं नशीब उघडतं, कारण ज्याच्या घरात पाणी नाही त्याला पाणी साठवायला पिंप लागतं. दारात गिऱ्हाइकांची रांग, आणि आमचे साडू गादीवर मांडी घालून गिऱ्हाइकाच्या पोराला विचारायचे, "तुझ्या घरी रांजण हाय का रे? रिकामा? मग त्यात डोकं घालून बघितलंस का कधी?"

या प्रश्नामागं एक पुस्तक होतं. ते त्यांनी विकत घेतलेलं नव्हतं. भांड्यांच्या खोक्यात गवताबरोबर आणि रद्दीबरोबर ते आलं होतं. पुढची पानं गेलेली, म्हणून नाव नाही आणि लेखकही नाही. शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली, म्हणून शेवट नाही. जे उरलं होतं त्यात एक मुलगी रिकाम्या रांजणात उतरते, तळाशी एक झाकण असतं, ते उघडून ती पलीकडं जाते. पलीकडं काय, तर डोंगर शिंकतात, नद्या संध्याकाळी फिरायला निघतात आणि राजा शेळ्यांना विचारल्याशिवाय जेवत नाही. असल्या पुस्तकापायी हा माणूस तांब्याचे हंडे विकायचे सोडून बसला होता. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झालेला, आणि मी तिथल्या नव्या कलेक्टर कचेरीत कारकून. मला बघितलं की म्हणायचे, "या साहेब. जिल्हा नवा केला तुम्ही, फायली ट्रकनं आणल्या, पाणी तेवढं जुन्या जिल्ह्यातच इसरलात वाटतं."

पुस्तक वाचायला लावायची त्यांची तऱ्हाही वाकडीच. चांगलं आहे, वाच, असं ते जन्मात कधी म्हणाले नाहीत. पोराकडं बघून मान हलवायचे आणि म्हणायचे, "न्हाई, तुला झेपायचं न्हाई." मग ते पोर हट्टाला पेटायचं. पुस्तक घरी न्यायला मनाई. दुकानातच बसायचं, पितळ घासायच्या फडक्याला हात पुसायचे, मग पान उलटायचं, त्यामुळं सबंध पुस्तकाला चिंचेचा वास. हेडमास्तर एकदा आपण होऊन वाचायला मागायला आले तर त्यांना सरळ सांगितलं, "तुमचं वय गेलं मास्तर. आता रांजणात मावत न्हाई तुम्ही." आणि मावण्यावरून आठवलं, किराणा दुकानदाराचा गुबगुबीत पोरगा खरोखरच घरच्या रांजणात अडकला. रांजण फोडून त्याला काढावं लागलं. बाप तणतणत आला, तर साडूंनी त्याला दुकानातलं नवं पिंप देऊन टाकलं आणि पोराला जवळ घेऊन विचारलं, "तळाला हात लागला होता का?" वाचून झालं की पोरानं शेवट सांगायचा, मुलगी परत कशी आली तो. एकानं सांगितलं गरुडानं आणून सोडलं, दुसऱ्यानं सांगितलं मुलीच्या बापानं राजाला दम दिला. साडू डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "न्हाई. असं न्हाई झालं." जसं काही हे स्वतः तिथं हजर होते.

अशा माणसाच्या घरी मला माझी पोर ठेवावी लागली. लातूरला आमची एक खोली, नळाला पाणी नाही, बायकोचं दुसरं बाळंतपण तोंडावर आलेलं. सुमी चौथीत होती. तिला मी चाकूरला पोचवलं, सोबत स्कॉलरशिपचं जाडजूड गाईड दिलं. साडूंना मूलबाळ नव्हतं. अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, तिला पोटाशी धरलं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा गाईड वजनकाट्याच्या एका पायाखाली सारलेलं होतं, काटा डुगडुगू नये म्हणून. सुमी रांजणाचं पुस्तक वाचत बसली होती. मी संतापून बाहेर आलो आणि वाटेत पायाला लागलेला एक गोल दगड लाथेनं बाजूला सारला. झालं, सगळी गल्ली माझ्यावर धावून आली. टँकरच्या रांगेत तिथं हंडे, डबे, दगड मांडून लोक आपापला नंबर धरत. माणूस नसला तरी चालायचं, त्याच्या दगडाला कुणी हात लावायचं नाही, हा नियम. तो दगड सुमीचा होता. साडू पायरीवरून उतरले, दगड होता तिथं नेऊन ठेवला आणि बायाबापड्यांना म्हणाले, "साहेब जिल्ह्याच्या गावचे हायत. त्यास्नी रांगेतलं कळत न्हाई."

मुलगा झाला. पुढं विहिरींना पाणी आलं, टँकर बंद झाले, आणि मी सुमीला आणायला गेलो. ती वजनकाट्यामागं जाऊन बसली. येत नाही म्हणाली. मी रागावलो, अक्कांनी समजूत घातली, ती हलेना. साडूंनी माझ्याकडं बघितलंही नाही. तिला म्हणाले, "तुझा शेवट राहिलाय की सांगायचा. पोरगी परत कशी आली?"

"ती येतच न्हाई," सुमी म्हणाली. "तिच्या घरी आता दुसरं लेकरू हाय. तिच्या जागी निजतंय ते."

पोर राहावी असं सगळ्यांत जास्त साडूंनाच वाटत होतं, हे मला काय कळत नव्हतं? एक शब्द बोलले नसते तरी ती त्यांचीच झाली असती.

"न्हाई," ते म्हणाले. "असं न्हाई झालं. ती गेली त्या दिवशीच तिच्या बापानं उंबऱ्याशी तिचा दगड ठेवला. लेकरू आलं, पावणे आले, कुणी हलवला न्हाई. नंबर तिचाच."

सुमीनं माझ्याकडं बघितलं. "आपल्या घरी ठेवलाय?"

"हाव," मी म्हणालो. "ठेवलाय की."

मग लातूरच्या स्टँडवर उतरल्यावर ती पाणी पीत असताना मी, सरकारी नोकर, चारचौघांत वाकून एक गोल दगड उचलून पँटच्या खिशात घातला. घरी पोचल्यावर पुढं होऊन तो उंबऱ्याशी ठेवला. सुमीनं आधी दगडाकडं बघितलं, मग माझ्या लोंबणाऱ्या खिशाकडं, आणि आत जाऊन भावाशेजारी आडवी झाली.

साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुस्तकाचं उरलेलंही वाळवीनं संपवलं. अक्कांनी दुकान भाड्यानं दिलंय, तिथं आता मोबाईलची कव्हरं विकतात. मध्यंतरी चाकूरला गेलो तर पायरीच्या कडेला सुमीचा तो रांगेतला दगड तसाच होता. भाडेकरू पोरगा म्हणाला, "आजींनी हलवू नको म्हणून बजावलंय. देव हाय का वो हा?"

"नाही," मी म्हणालो. "नंबर आहे एका मुलीचा. ती येते अधूनमधून."

बिनकामाचा माणूस तो. मला त्यांची फार आठवण येते. दगड जरा तिरका झाला होता, तेवढा मी सरळ केला आणि निघालो.