ऑइल ओळखणारे कान

माघातल्या कोवळ्या उन्हात कर्वेनगरच्या गॅरेजमध्ये इंजिनातलं काळं ऑइल तसराळ्यात उतरत होतं, त्याचा कडवट, जळका वास थंड हवेत रेंगाळत होता, आणि पाठोपाठ मधाच्या रंगाचं नवं ऑइल संथ धारेनं आत जात होतं. "आता बघा, गाडी कशी पळते," गॅरेजवाला म्हणाला. सदाशिव पेठेतलं घर येईपर्यंत मी कान टवकारून चालवत होतो. मला काहीही निराळं जाणवलं नाही.

त्याच रविवारी धाकट्या बहिणीचे यजमान, श्रीकांतराव, लोणी काळभोरहून आले. नजर अधू झाल्यापासून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, गाडी चालवणं सोडलं होतं. पण जावई आले की किल्ली मानाने त्यांच्या हाती द्यायची, आपण शेजारी बसायचं आणि मला मागे बसवायचं, हा शिरस्ता त्यांनी कधी मोडला नाही. स्वारगेटपर्यंतही पोचलो नसू, तोच श्रीकांतराव म्हणाले, "ऑइल बदललंय जणू?" अण्णांचा चेहरा उजळला. "कान लागतात त्याला," ते म्हणाले. मागच्या सीटवर मला ते स्पष्ट ऐकू आलं. तेवढ्यापुरते माझे कान उत्तम होते.

मी रोज चालवतो, ऑइल कणाकणाने जुनं होतं तसा मीही त्याला सरावत जातो, आणि चार-सहा महिन्यांनी येणाऱ्या पाहुण्याला फरक कळणं यात कसलं आलंय कौतुक, अशी समजूत मी पुढे कित्येक दिवस स्वतःची घालत राहिलो. पण खरं सांगायचं तर मी जळत होतो. गाडी धुणारा मी, अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणारा मी, आणि शाबासकी मात्र सणावारी येणाऱ्या माणसाला!

दसऱ्याला मी डाव टाकला. गाडी धुऊन पुसून तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "कालच नवं ऑइल घातलंय." घातलं नव्हतं. माघातलंच ऑइल आत होतं. श्रीकांतरावांनी गाडीची तारीफ केली की अण्णांसमोर हसत हसत खरं सांगायचं आणि त्या कानांची गंमत बघायची, असा माझा बेत होता.

आश्विनातलं स्वच्छ, पिवळं ऊन सोलापूर रस्त्यावर पसरलं होतं. किल्ली नेहमीप्रमाणे श्रीकांतरावांकडे होती, शेजारी अण्णा आणि मागे मी. हडपसरच्या अलीकडे त्यांनी आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दादांनी ऑइल झ्याक टाकलंय. गाडी लई हलकी चालतीय."

माझ्या ओठांवर हसू आलंसुद्धा होतं. तेवढ्यात अण्णांनी मान वळवली, अंधुक नजरेनं मला मागे शोधत ते म्हणाले, "गाडीची निगा चांगली राखतोस हो." माझी पन्नाशी उलटली होती आणि असलं वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. खरं सांगायचं राहून गेलं.

घरी परतल्यावर अण्णा जिना चढून वर गेले. श्रीकांतरावांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि आवाज उतरवून म्हणाले, "उद्या ऑइल बदलून घ्या दादा. इंजिन घरघरतंय. अण्णांना नका बोलू काही." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान मनासारखं रागावता आलं असतं. आजवर मला त्यांच्या कानांचा हेवा वाटत होता. त्या क्षणी तो त्यांच्या मनाचा वाटला, आणि हा हेवा पहिल्यापेक्षा जड होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडताच मी ऑइल बदललं. सायंकाळी अण्णांना शेजारी बसवून टिळक रस्त्याने निघालो. गाडी अलगद वेग घेत होती, सिग्नलला थांबलं की इंजिन चालू आहे की बंद असा प्रश्न पडत होता. आयुष्यात प्रथमच मला फरक कळत होता.

"कालच्यासारखीच छान चालते आहे," अण्णा समाधानाने म्हणाले. मी नुसतं "हो" म्हटलं.