विचारवंतांच्या पापण्या

विमा कचेरीतल्या दावे विभागाच्या दुय्यम साहेबांना सगळे ‘विचारवंत’ म्हणत. मीटिंगमध्ये ते हनुवटीखाली मूठ धरून बसत आणि खुशाल झोपत. वरच्या पापण्यांचं कातडं इतकं ओघळलेलं, की डोळा उघडा आहे की मिटलेला हे बघायला टॉर्च लागला असता. लोकांना वाटे, गहन चिंतन चाललंय. एकवीस वर्षांत खुद्द त्यांनाही तसंच वाटू लागलं होतं.

विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली. निवड महिन्याभराने होणार होती. ती खुर्ची आपलीच, पण चेहरा जरा थकलेला दिसतो, असं म्हणून विचारवंतांनी पापण्यांचं ऑपरेशन ठरवलं.

“अहो, डोकं रिकामं ते चालतंय, आणि पापण्या कसल्या दुरुस्त करताय?” बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. “जागा बधिर करून जास्तीचं कातडं काढू. टाके आठवड्याने निघतील. सूज आणि काळेनिळेपणा दोनेक आठवडे. डोळे कोरडे पडतील, थेंब घाला. उशाला दोन उशा घ्या. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही.”

“जड?” बायको फिसकन हसली. “यांनी चहाच्या कपाखेरीज काही उचललेलं मी तरी पाहिलं नाही.”

दोन आठवडे विचारवंत आपटलेल्या वांग्यासारखं तोंड घेऊन, डोळ्यांवर बर्फाच्या घड्या ठेवून कण्हत पडले. मग सूज उतरली. डोळे टपोरे दिसू लागले. विचारवंत आरशापुढून हलेनात.

निवडीची मीटिंग नेमकी जेवणानंतर होती. कचेरीच्या मुख्य बाई आकडे वाचू लागल्या आणि सवयीने मूठ हनुवटीखाली गेली. पापण्या मिटल्या. गुळगुळीत, घट्ट, साऱ्या टेबलाला दिसतील अशा.

“यांना बरं नाही का?” टायपिस्टने घाबरून विचारलं.

“ठणठणीत आहेत. झोपलेत,” मुख्य बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, “म्हणजे इतकी वर्षं हेच चाललं होतं?”

दोघं-तिघं खाली बघून हसले. खुर्ची टपालविभागातल्या बाईंना मिळाली. त्या निदान जाग्या होत्या.

दुसऱ्या दिवशी विचारवंत दवाखान्यात हजर.

“डॉक्टर, ते कातडं परत लावता येईल? थोडंसंच?”

“ते त्याच दिवशी टाकून दिलं.”

“टाकलं? अहो, माझं होतं ते!”

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.